आजोबांचा डावा मोजा

टर्कीपेन खोऱ्यात कुणी हॉबर्ट स्टिल्टनरचा बँजो बघायला मागितला, की तो आधी बजावायचा, "बघ, वाजव, पण मोज्याला हात लावू नकोस." बँजो त्याच्या आजोबांनी घडवलेला. अक्रोडाच्या लाकडाचं कडं, त्यावर ग्राउंडहॉगचं, म्हणजे डोंगरातल्या घुशीएवढ्या जाड्या बिळकऱ्याचं, कातडं ताणलेलं, आणि पाठीमागून कोंबलेला आजोबांचा डावा मोजा. राखाडी लोकरीचा, लाल टाचेचा. आमच्या डोंगरात बँजोत काही ना काही कोंबतातच, नाहीतर तो रिकाम्या डब्यासारखा ठणाणतो. कुणी फडकं कोंबतं, कुणी बाळाचं लंगोट. पण मोजा कोंबून त्याचा एवढा देव्हारा माजवणारा हॉबर्ट एकटाच.

"सूर तारेत नाही, कातड्यात नाही, मोज्यात आहे," तो ऐकवायचा. "म्हातारा त्याच पायाने ताल धरायचा." त्याची बायको वर्डी कोपऱ्यात विणत बसलेली असायची. ती नुसतं "हो का" म्हणायची आणि पुढचा टाका घालायची.

चुलीच्या धगीने कातडं तडकू नये म्हणून हिवाळाभर बँजो मांसाला धुरी द्यायच्या कोठीत टांगलेला असे. थंडी सरली की तो उतरवायचं काम वर्डीचं. यंदा ऐन थंडीत वर्डीच गेली. हॉबर्ट पार मोडला. आता पहिलं गाणं तिच्या मातीपाशीच, असं ठरवून त्याने कोठीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. बँजो उतरवला वर्डीच्या थोरल्या बहिणीने, ऑर्फाने, आणि गोणपाटात गुंडाळून थेट डोंगरावरच्या दफनभूमीत आणला.

मे महिन्यातला, दरवर्षी थडगी सजवायचा रविवार होता. सगळं खोरं जमलेलं, गवत काढून झालेलं, थडग्यांवर फुलं ठेवलेली. आता तिथेच पंगत बसायची. पण रिवाज असा की वर्षभरात ज्याच्या घरचं माणूस गेलं असेल त्याने आधी गायचं, तोवर कोंबडीच्या तंगडीला कुणी शिवायचं नाही. हॉबर्टने गोणपाट सोडलं, तार छेडली, आणि बँजो ठणाणला.

त्याने पाठीमागे हात घातला. आत भुसा आणि दोन-चार धागे.

"ऑर्फा, मोजा कुठाय?"

"नव्हता."

"नव्हता कसा? धुतलास ना? खरं सांग."

ऑर्फाची ख्यातीच तशी. विकायच्या आधी बाई कोंबड्यांना साबण लावते. ती ओठ मिटून बटाट्याच्या भांड्यावरच्या माश्या हाकत राहिली.

"मी नाही वाजवत," हॉबर्ट म्हणाला. "जाताना वर्डीने एक गाणं सोडून दुसरं काही मागितलं नव्हतं. तिला हा डबा ऐकवू?"

मंडळींना त्याची कीव आली, आणि भूकही लागली होती. शेजारच्या डेल्मरने बूट काढून आतला मोजा पुढे केला. "घे. शेणातला आहे, पण मनापासून देतोय." बँजो गादीखाली सापडलेल्या बेडकासारखा वाजला. मग पाद्र्याने, ब्रदर एल्किन्सने, आपला रविवारचा काळा मोजा दिला.

"फार सोवळा वाजतोय, ब्रदर," डेल्मर म्हणाला.

"तुझ्यापेक्षा बरा," पाद्री म्हणाला.

बघता बघता अर्धं खोरं अनवाणी झालं. थडग्यांवर मोजे वाळत घातल्यासारखे पडले. कोंबडी गार झाली. हॉबर्ट एकेक मोजा कोंबायचा, कान लावायचा आणि मान हलवायचा.

शेवटी ऑर्फाने पळी आपटली. "पुरे झाला हा तमाशा. अरे हॉबर्ट, तुझ्या आजोबांचा मोजा तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात उंदरांनी खाल्ला. तू वेडा होशील म्हणून वर्डीने गुपचूप तसाच दुसरा विणला. मग दर हिवाळ्यात उंदीर खायचे, आणि दरवर्षी ती नवा कोंबायची. मला शपथ घातली होती तिने. यंदा विणायला कोण होतं?"

हॉबर्ट तिच्याकडे बघतच राहिला. "मग तो सूर?"

"तिचाच की. म्हाताऱ्याचा कसला?"

डेल्मर हॉबर्टच्या पायाकडे टक लावून बघत होता. मग हॉबर्टनेही खाली पाहिलं. लग्नापासून त्याच्या पायात वर्डीने विणलेली तीच राखाडी लोकर, तीच लाल टाच. या माणसाने आजवर आपल्या पायाकडे नीट पाहिलं असेल तर शपथ.

तो वर्डीच्या मातीपाशी बसला. डावा बूट काढला, मोजा काढला, घडी करून बँजोत सरकवला. तार छेडली आणि तोच सूर निघाला, खोल, घोगरा, घरातला. हॉबर्ट रडत रडत वाजवत राहिला. उघडा पाय गवतावर ताल धरत होता.

"आजोबा परत आले," ब्रदर एल्किन्स डोळे पुसत म्हणाला.

"गप बसा, ब्रदर," हॉबर्ट म्हणाला. "वर्डी आहे ती."

आताशा बँजो त्याच्या उशाशी असतो, आणि हॉबर्ट एकाच पायात मोजा घालून गावभर हिंडतो. थंडीत कुणी टोकलंच, की सांगतो, "दुसरा कामावर आहे."