रंगाखालचे लोखंड

रंगवलेली कोणतीही वस्तू समोर आली की आमच्या शेजाऱ्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप पुढे होत असे. फाटक असो, तिजोरी असो वा एखाद्या बसची पाठ, ते नखाने तिच्यावर हळूच एक ओढ देत, नख डोळ्यांजवळ नेत आणि निकाल सांगत : "टिकतोय." किंवा "पोपडा सुटणार." या निकालावर अपील नव्हते. माझ्या नव्या फाटकाबाबत त्यांनी रंगाऱ्याच्या देखतच दुसरा निकाल दिला, आणि वर्षाच्या आत फाटक सोललेल्या बटाट्यासारखे दिसू लागले. त्या रंगाऱ्याला मी लिहिलेल्या एकाही पत्राचे उत्तर आजतागायत आलेले नाही.

असा एखादा निकाल देणारा गृहस्थ आपल्याही गल्लीत असेल. आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत हे होते. बसच्या बॉड्या बांधणे आणि रंगवणे यांत त्यांचे आयुष्य गेले. मी न्यायालयात लिपिक होतो आणि निवृत्तीनंतर लोकांच्या तक्रारी व नोटिसा लिहून देतो. त्यामुळे रोज सकाळी पलीकडच्या पायरीवरून हाक येई, "जय भीम, नोटीससाहेब! आज कुनाची गचांडी धरली?"

काम सोडल्यावर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि तिचे घर करायला लागले. आत दोन बाकांचे पलंग, शेगडी, पडद्याआड संडास, छतावर बॅटरी भरणारी सौर पट्टी. बाहेरून गडद निळा रंग, इतका नितळ की गल्लीतली माणसे त्यात भांग पाडत. ते तिला घरगाडी म्हणत. हा सारा खटाटोप पत्नीसाठी होता. तिचे वडील छप्पन साली नागपुरात दीक्षेला उभे होते. ती जमीन एकदा आपल्या पायांनी तुडवावी, ही तिची लहानपणापासूनची इच्छा. परंतु मधुमेहामुळे तिला दिवसातून अनेकदा उतरावे लागे, आणि इन्शुलिन थंडच ठेवावे लागे. बसगाडीत दोन्ही अशक्य. म्हणून घरगाडी, आणि म्हणून त्या गाडीत पुण्याहून मागवलेला, बॅटरीवरही चालणारा छोटा फ्रिज.

गाडी गल्लीत उभी असताना फ्रिजला थेट घरातून वीज जोडलेली असे, आणि तो उत्तम चाले. नागपूरला निघण्याआधी एक फेरी म्हणून दोघे आजऱ्याला गेले. परत आले तेव्हा ती बाई इन्शुलिनची बाटली तळहातावर घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"हात लावून बगा भाऊजी. चहावानी झालंय."

फ्रिजमधला दिवा लागत होता, पण कॉम्प्रेसर क्षणभर घुरघुरून बंद पडत होता. विक्रेत्याला दूरध्वनी केला, तर तो म्हणाला की माल उत्तम आहे, वायरिंग तुमचे आहे. हे वाक्य मी नोकरीत इतक्या प्रतिवादींच्या तोंडून ऐकले आहे की माझे रक्त तापले. बेजबाबदारपणाचा हा ठरावीक आश्रय आहे. मी त्याच बैठकीत ग्राहक संरक्षण कायद्यान्वये नोटिशीचा मसुदा तयार केला आणि सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो पूर्ण वाचला. मग घडी घालून मला परत दिला.

"लई झ्याक लिवलंय. पर आदी आपली तार बगूया की."

"अहो, तो चक्क तुमच्यावर ढकलतो आहे!"

"ढकलंना. त्याचा फ्रिज चोर हाय का न्हाय, ते मला कुटं ठावं हाय? न बगता कसं म्हनू?"

न्यायालयात उभा जन्म काढलेल्या मी मसुदा खिशात घातला. मी विजेरी धरली.

पुढचे काही दिवस संध्याकाळी आमची चौकशी चाले. आधी त्यांनी बॅटरी तपासली. ती भरलेली होती. फ्यूज शाबूत होता. मग फ्रिज बाहेर ओढून त्यांनी दोन जाड तारांनी थेट बॅटरीला जोडला. कॉम्प्रेसर सुरू झाला आणि थांबलाच नाही. थोड्या वेळाने आतल्या पेल्यावर दव धरले.

"निर्दोष सुटला की ओ, सायेब!" ते ओरडले. आपलीच बाजू हरत होती आणि हा मनुष्य टाळ्या वाजवत होता.

याचा अर्थ दोष गाडीच्या तारांत होता. त्यांनी बॅटरीकडून येणारी तार जुनीच ठेवली आणि परतीची, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टने जोडलेली अर्थिंगची तार तेवढी बदलून पाहिली. फ्रिज चालला. पुन्हा जुनी लावली. मीटरचा आकडा घसरला आणि फ्रिज बंद. ते गाडीखाली सरकले. मी विजेरीचा झोत बोल्टवर टाकला. बोल्ट काढला गेला, आणि त्याखालचा सांगाडा आरशासारखा चमकला. निळा.

मग अंगठा पुढे झाला, नखाची ओढ बसली.

"टिकतोय," ते पुटपुटले.

सांगाडा गंजू नये म्हणून त्यांनी त्यावर आधी लाल प्राइमर, मग रंगाचे हात दिले होते, आणि बोल्ट त्या रंगावर आवळला होता. रंगातून वीज नीट जाईना. दिव्यापुरती झिरपे, कॉम्प्रेसरला पुरत नसे. दुसऱ्या कोणाचा रंग असता तर तो एव्हाना सुटला असता आणि फ्रिज चालला असता.

दारातून त्यांची पत्नी म्हणाली, "अवो, गावला का चोर?"

"गावला."

"कोन?"

"तुजा दाल्ला."

ती इतकी हसली की तिला पायरीवर बसावे लागले. "रंग टिकतोय, रंग टिकतोय म्हनून मिरवत होता! माझं औशद नासलं की तुमच्या मिरवन्यानं!"

त्यांनी कानस मागितली. नाण्याएवढ्या जागेवरचा आपला रंग खरवडताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. चिमट्याने स्वतःच्या पायातला काटा काढणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता. खालचे लोखंड पांढरे निघाल्यावर त्यांनी तार घट्ट आवळली आणि गंज धरू नये म्हणून वरून व्हॅसलिन लावले. मग विक्रेत्याला दूरध्वनी केला. "पावनं, तुमचा माल बरोबर हाय. चूक माजी." हे सांगण्याचे कोणतेही कायदेशीर बंधन त्यांच्यावर नव्हते. मी तसे बोलूनही दाखवले. त्यांनी हात हलवला.

दसऱ्याला नागपुराहून तिचा दूरध्वनी आला. मागे गर्दीचा प्रचंड आवाज होता. "भाऊजी, पाय टेकले बगा!" एवढे म्हणून तिने दूरध्वनी त्यांच्या हाती दिला. मग त्यांचा आवाज : "सायेब, औशद गार हाय. ती नोटीस फाडा."

गेल्या वर्षी ते गेले. घरगाडी गल्लीतच उभी आहे. परवा गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एका गृहस्थाने मला ऐकवले की ही बेवारस गाडी उचलून नेण्यासाठी आपण महापालिकेकडे अर्ज करणार आहोत. बेवारस! मी त्याला तिथेच उभे केले आणि म्हटले, अर्ज अवश्य करावा, परंतु करण्यापूर्वी उद्या सकाळी इथे येऊन आधी बघावे.

तो आला. त्यांची पत्नी नेहमीप्रमाणे किल्ली घेऊन बाहेर पडली. घरात मोठा फ्रिज असूनही तिचे औषध अजून गाडीतच असते. तिने बाटली काढली आणि सवयीने गालाला लावून पाहिली. मग वाकून गाडीखाली हात घातला, आणि त्या नाण्याएवढ्या उघड्या लोखंडावर बोटाने व्हॅसलिन फिरवले.