पाण्याबरोबर चालणारे चाचा

पाटवाले चाचा पाण्याच्या पुढे कधी चालले नाहीत. झऱ्याचं तोंड उघडलं की खांद्यावर फावडं टाकून ते पाण्याच्या अगदी टोकाशी चालत. पाणी थबकलं की थबकत आणि धावलं की साठीतला हा माणूस चक्क धावत सुटे! मी पुण्याहून बहारीनला आलेला नवाकोरा इंजिनिअर. पहिल्याच दिवशी हौसेनं चार पावलं पुढे गेलो, तर ओरडले, "साहेब, फुडं जाऊ नका. वाट त्याला ठाऊक हाय, तुमाला नाय."

चाचा रत्नागिरीकडचे. घरच्या सुपारीच्या वाडीला पाटाचं पाणी पाळीपाळीनं मिळायचं, तीच विद्या घेऊन ते बहारीनमधल्या झिंज गावामागच्या खजुराच्या बागांत आले आणि सात बागांच्या पाळ्या सांभाळू लागले. घड्याळाला तिथे कोणी विचारत नसे. रोवलेल्या काठीची सावली या दगडापासून त्या दगडाला लागली की एका बागेची पाळी खलास. ते दगड कोणाच्या पणजोबांनी मांडले, कोणालाच ठाऊक नव्हतं. चाचा कोणाच्याच नात्यातले नव्हते, म्हणून त्यांचा शब्द सगळे मानत.

मी गेलो तेव्हा नव्वदचं दशक सुरू होतं. आजूबाजूला बोअर वाढले होते आणि झरा दर उन्हाळ्यात खाली जात होता. सातवी, शेवटची बाग एका म्हाताऱ्या हाजींची. तिथे दोन उन्हाळे पाटाचं पाणी पोचलंच नव्हतं. "यंदाही आलं नाही तर जमीन विकतो," हाजी म्हणाले. चाचांचा व्हिसाही त्याच महिन्यात संपत होता. जाण्याआधी हाजींकडे पाणी न्यायचंच, असा त्यांनी हट्ट धरला.

मी बादली आणि घड्याळ घेऊन झरा मोजला, गणित मांडलं आणि मोठ्या ऐटीत जाहीर केलं की पाणी सहाव्या बागेपाशी जिरेल. चाचांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"साहेब, तुमी पाट कोरडा धरलात. आदी पाटाची तहान भागवायची, मग कामाला लावायचा."

आठवडाभर त्यांनी सहाही बागवाल्यांना विनवलं, की पाळी संपताना शेवटचं थोडं पाणी पाटात सोडा. तळ ओला राहिला. भेगा त्यांनी चिखल आणि माडाच्या काथ्यासारख्या खजुराच्या तंतूंनी बुजवल्या. वर झावळ्या अंथरल्या.

शुक्रवारी, माझ्या सुटीच्या दिवशी, सकाळी तोंड उघडलं. "यल्ला, चल!" चाचा पाण्याला म्हणाले. वाळकी पानं, मुंग्या, फेस पुढे ढकलत पाणी निघालं आणि आम्ही दोघं त्याच्या कडेनं. तिसरी बाग, चौथी, पाचवी! माझं गणित चुकावं म्हणून मी देवाला हात जोडत होतो. आणि सहाव्या बागेपाशी, नेमकं मी सांगितलं होतं तिथे, पाणी थांबलं. काठाला घुशीचं बीळ होतं. चाचांनी डोक्याचं फडकं काढलं, बिळात कोंबलं आणि त्यावर पाय रोवून उभे राहिले. पाणी फुगलं, हललं.

"मी सरलो तर फुटंल. तुमी जावा त्याच्यासंगं!"

पळत सुटावंसं वाटत होतं, पण पाण्याच्या पुढे एक पाऊलही टाकलं नाही. हाजींच्या पहिल्या खजुराच्या झाडाला पाणी लागलं तेव्हा म्हातारा पांढऱ्या पायघोळ तोबसकट त्यात बसला आणि लहान मुलासारखा पाणी उडवू लागला. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "चाचा, पोचलं!" चाचांना मात्र ते पाहता आलं नाही.

झरा पुढे काही वर्षांत आटलाच. पण त्या वर्षी हाजींनी जमीन विकली नाही. चाचा तोवर गावी परतले होते. मी रजेवर निघालो तेव्हा त्या बागेतल्या खजुरांचा डबा त्यांनी चाचांसाठी माझ्याकडे दिला.

रत्नागिरीच्या त्या गावात चाचांनी डबा उघडला, वास घेतला आणि तोंडात काही न टाकता मला घेऊन थेट खाली, त्यांच्या पाटाच्या शेवटच्या घरी गेले. "सुरुवात हितून," म्हणाले. घरोघरी मूठ मूठ वाटत आम्ही वर चढलो. मी दर घराला चोरून डब्यात डोकावत होतो.

त्यांच्या पायरीशी आलो तेव्हा दोनच खजूर उरले होते. एक त्यांनी मला दिला. दुसरा गालात धरून, डोळे मिटून ते किती तरी वेळ उभे राहिले.

"आता पोचलं, साहेब."