कोणत्या जारात हाय क्लास?

आमच्या ऑफिसात बद्रीनाथकाका आले तेव्हा मी सोमेश्वरभाऊंशी दोन दिवस बोलले नाही. सोमेश्वरभाऊ म्हणजे मालक. जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानाच्या वर आमचं चार टेबलांचं ऑफिस आहे आणि काम एकच: जिनिंगवाल्यांना आणि आडत्यांना वजनाच्या पावत्या छापणारं सॉफ्टवेअर करून देणं. सात वर्षं मी इथे कोड लिहिते. आणि भाऊ आणतात कोणाला, तर परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पोती मोजणाऱ्या सत्तेचाळीस वर्षांच्या मापाड्याला!

"उमा, माणूस हुशार आहे," भाऊ म्हणाले.

"हुशार तर आमच्या गल्लीतलं मांजरही आहे," मी म्हटलं.

झालं होतं असं, की मोंढ्यात इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि काकांच्या हातचा तराजू गेला. काका गप्प बसणारे नव्हेत. ते आडत्याच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले आणि आमच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका फोन करकरून सांगायला लागले. इतक्या सांगितल्या, की भाऊंनी त्यांना इथेच आणून फोनवर बसवलं. दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बघून जावा शिकायची, हा त्यांचा क्रम. जावा म्हणजे आमची कोडची भाषा. पहिल्या दिवशी त्यांनी घरी सगुणाकाकूंना सांगितलं, "मी जावा शिकून राह्यलो." काकू म्हणाल्या, "मला तीन हायत. वीस वर्षांत एक समजली न्हाई, तुम्ही काय शिकता?"

त्यांच्या वहीत लिहिलेलं असायचं: 'क्लास म्हंजे वाण. ऑब्जेक्ट म्हंजे त्या वाणाचं पोतं. इम्पोर्ट म्हंजे बाहेरगावचा माल.' मी पोट धरून हसले, खोटं कशाला बोलू? पण माझ्या कॉलेजात इतकं सरळ मला कोणीच सांगितलं नव्हतं, हेही खरं.

काकांना एकच हवं होतं, कोडचं टेबल. भाऊंनी अट घातली, "महिनाअखेरपर्यंत एक तरी बिघाड स्वतः शोधून दाखवा. नाहीतर तुमच्यासाठी फोनच बराबर आहे."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी फोन वाजला. परतूरजवळच्या एका जिनिंगवर आमचं सॉफ्टवेअर चालवणारे तातेराव बोलत होते. पावती छापायला गेलं की प्रोग्राम बंद पडतो, गेटवर कापसाच्या गाड्या तुंबल्यात. पडद्यावर लाल ओळ येत होती: 'वजनपावती' या क्लासमध्ये 'ओलावा' सापडत नाही. कापसातला ओलावा पावतीवर टाकायची सोय दोनच महिन्यांपूर्वी मी त्या क्लासात घातली होती आणि परतूरला ती कालच चढवली होती.

"घ्या काका, तुमचा बिघाड आला," मी म्हटलं. "तो क्लास कोणत्या जारात आहे ते शोधा."

तयार कोड एकत्र बांधून ठेवलेल्या फाइलीला आमच्यात जार म्हणतात. एकेका जारात शेकडो क्लास असतात, आणि परतूरच्या त्या कॉम्प्युटरवर असे शहाऐंशी जार होते. बाकी अख्ख्या जालना जिल्ह्यात मात्र जार म्हणजे पाण्याचा, वीस लिटरचा, टेम्पोतून येणारा.

काकांनी स्पीकर लावून फोन केला. "तातेराव, तुमच्याकडच्या जारमधी क्लास हाय का बघा."

"ग्लास?"

"हां, क्लास. जल्दी बघा."

थोड्या वेळानं तातेराव म्हणाले, "जारात न्हाई. जारावर हाय, उपडा."

"बाहेर? बाहेर कसा काय आला?"

"मंग ग्लास जाराच्या आत कोण ठेवतंय, बद्रीभाऊ?"

"अहो, आतच असतो तो! दुसऱ्या जारात बघा."

भडाभडा पाणी ओतल्याचा आवाज आला. "पुरा रिकामा केला. कायबी न्हाई. आता लोकांना प्यायला काय देऊ?"

माझं डोकंच फिरलं. "ठेवा तो फोन, काका! क्लास आणि ग्लास कळेना आणि निघाले कोड लिहायला!" सगळं ऑफिस ऐकत होतं. काका चष्मा काढून पुसत बसले. मला लगेच वाईट वाटलं, पण माझ्या तोंडाला लगाम नाही आणि माफी मागायची सवय तर त्याहून नाही.

मी इथूनच परतूरचा कॉम्प्युटर माझ्या पडद्यावर घेतला. माझा जार मला माहीत होता. उघडला, आत क्लास होता, क्लासात ओलावा होता. "माझं सगळं ठीक आहे, त्यांचा कॉम्प्युटरच खराब आहे," मी जाहीर केलं. नाचता येईना, अंगण वाकडं!

"ताई," काका हळूच म्हणाले, "जार न फोडता आतली नावं दिसतात का?"

"दिसतात."

"मंग सगळ्यांला परखी लावू."

परखी म्हणजे टोकदार पोकळ नळी. पोतं न उसवता आत खुपसायची, नळीतून मूठभर दाणे बाहेर येतात, माल कळतो.

"सगळ्यांना कशाला? एकात सापडला ना!"

"पहिल्या पोत्यावर थांबला तो मापाडी न्हाई, ताई. थप्पीत कोणतं पोतं काय घेऊन बसलंय, सांगता येत न्हाई."

दोन बोटांनी टकटक करत त्यांनी पाच ओळी लिहिल्या. एक जार घे, आतली नावं वाच, 'वजनपावती' दिसलं की जाराचं नाव सांग, पुढच्याकडे जा. पडद्यावर दोन नावं आली. एक माझा नवा जार. दुसऱ्याचं नाव 'उमा तात्पुरता'.

तीन वर्षांपूर्वी घाईघाईत तो मीच तिथे टाकला होता आणि पार विसरले होते. त्यातल्या जुन्या क्लासात ओलावा नव्हताच, आणि प्रोग्राम नेमका तोच आधी उचलत होता. काकांनी नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि तो जार बाजूला काढला. परतूरहून तातेराव ओरडले, "निघाली पावती!"

तेवढ्यात भाऊ आले. "काय होतं? शोधलं कोणी?"

"एक जुना जार ऱ्हायल्ता तिथं," काका म्हणाले. "ताईंनी पाहिलं."

"कोणाचा जार?"

"आता नाव काय घ्यायचं, साहेब. जुनी गोष्ट हाय."

"आणि तुम्ही काय केलं?"

"मी फोन घेतला."

भाऊंनी सुस्कारा सोडला. "मग काका, तुम्ही फोनवरच राहा."

काका मान हलवून "बरं" म्हणाले. ते "बरं" मला ऐकवेना.

"जार माझा होता, भाऊ," मी म्हटलं. "मी पहिल्याच जारावर थांबले. काकांनी शहाऐंशीच्या शहाऐंशी तपासले. आणि सकाळी सगळ्यांसमोर मी त्यांना नाही नाही ते बोलले. चुकलंच माझं, काका."

भाऊंनी आळीपाळीनं दोघांकडे बघितलं. "ठीक आहे. काका उद्यापासून कोडवर," ते म्हणाले, आणि मग डोकं खाजवत, "पण फोन कोण घेणार?"

सगळे माझ्याकडेच बघायला लागले.

आता सकाळचे दोन तास फोन माझ्याकडे असतो. काल एका गिऱ्हाइकावर माझा आवाज चढला, तेव्हा काका कोडमधून मान वर न करता म्हणाले, "हळू, ताई. तो माणूस आपल्याच चुकीपायी फोन करून राह्यला."