टायर हुंगणाऱ्या अक्का

"इल्ल, भाऊ. मला न्हाय पटत."

नव्या टायरच्या दोन गट्ट्यांमध्ये अंगठ्याचं नख रुतवायचं, तोच अंगठा नाकाशी न्यायचा आणि हे वाक्य टाकायचं. मंद्रूपच्या अक्का दुकानात आल्या की आधी हेच. इल्ल म्हणजे कानडीत नाही, आणि गट्टे म्हणजे डोंगरी सायकलच्या टायरवरचे रबरी उंचवटे. बाजारात खरबूज हुंगणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. टायर हुंगणारं माणूस मी एवढंच पाहिलं.

विजापूर रोडला माझं सायकलचं दुकान आहे. अक्कांची मुलगी माळावरच्या सायकल शर्यतीत उतरायची. एका उतारावर मुरमात पुढचं चाक सरकलं आणि तिचं मनगट मोडलं. हात प्लास्टरात असतानाच अक्कांनी निकाल देऊन टाकला. टायर पटलं तर पोरगी पुन्हा सायकलवर बसेल, नाहीतर सायकल कायमची गोठ्यात. पोरीचा सगळा जीव त्या सायकलीत, आणि टायर घ्यायचं माझ्याकडून, ज्याच्यावर अक्कांचा काडीचा विश्वास नाही.

"हे कुणी वापरून धुतलेलं न्हाय ना?"

"अक्का, वेष्टन तुमच्यासमोर फाडलं की."

"वेष्टन काय, परत बी घालता येतंय."

मीही काही भोळा नाही. बाई येते, तासभर टायर दाबते आणि रिकाम्या हाताने जाते. मला वाटायचं, ही दुसऱ्या दुकानदाराने पाठवलेली असणार. तरी चहा मागवायचो. तो त्या आधी मला प्यायला लावायच्या.

एकदा पिशवीतून शेतातली काळी माती घेऊन आल्या. माझ्याच नळाखाली ती भिजवली आणि बारीक, दाट गट्ट्यांचं टायर तीत लोळवलं. माती अशी गच्च बसली की गट्टे दिसेनात.

"वढ्यात हे घसरंल का न्हाय?"

"घसरेल. पण कोरड्या, कडक वाटेवर हेच पळतं. विरळ गट्ट्यांचं चिखल झटकतं, मुरमात धरून राहतं, पण जड चालतं. म्हणून पुढे विरळ गट्ट्यांचं घाला, मागे दाट."

"एका सायकलीला दोन जातीची? शिल्लक माल खपवताय व्हय?"

बाभळीचा काटा घुसला तर भोक आतून बुजावं म्हणून घालायचं औषधही त्यांनी हुंगलं. शेवटी, न पटताच, दोन्ही टायर बसवून घेतली.

काही दिवसांनी सायकल टेम्पोत घालून परत आल्या. मी चाक फिरवलं. पुढच्या टायरचे कडेचे गट्टे खरचटलेले. वळणावर सायकल चांगली वाकवल्याशिवाय कडा अशा होत नाहीत, आणि मुलीचा हात तर अजून गळ्यात.

"अक्का, सायकल कोण चालवतंय?"

"कुणी न्हाय."

पदर सावरताना त्यांचं कोपर दिसलं. सोललेलं होतं.

"बापाची सायकल लई चालवलीय मी," त्या चाकाकडे बघत म्हणाल्या. "त्याच उतारावर नेली. ती पडायच्या आदी मी पडून बगते. सरकतंय तुमचं टायर."

मला हसू आलं. टायर दाबलं तर दगडासारखं टणक. आपल्याकडे हवा कडक भरली म्हणजे सायकल चांगली, ही समजूत. मुरमात टायर धरून राहावं म्हणून मी हवा बरीच सोडली. हवा चोरल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या वेळी आल्या तेव्हा कोपरावर खपली धरली होती आणि नवं काही सोललेलं नव्हतं. "पटलं," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून तो शब्द मी तेव्हा एकदाच ऐकला. प्लास्टर निघालं आणि पोरगी पुन्हा माळावर पळायला लागली.

अक्का यंदाच्या उन्हाळ्यात गेल्या. छातीतलं दुखणं अंगावर काढलं. डॉक्टरवर तरी कुठे विश्वास होता त्यांचा. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

परवा मुलगी शर्यतीसाठी टायर बदलायला आली. मी बसवली ती तिने नीट पाहिलीही नाहीत.

"चालेल की मामा. तुम्ही दिलंय म्हणजे चांगलंच असणार."

मला काही ते पटेना. "सायकल ठेवून जा, उद्या ने," म्हटलं. ती गेल्यावर गट्ट्यांमध्ये नख रुतवलं आणि अंगठा नाकाशी नेला. रबराचाच वास होता. थोडी हवा सोडली, पँट मोज्यात खोचली आणि सायकल घेऊन त्या उताराकडे निघालो.