हेलिकॉप्टर वर थांबलं तर

मला भांडायला आवडतं. समोरासमोर नाही, तिथे माझा आवाज लगेच रडवेला होतो आणि जिंकत आलेला वाद हातचा जातो. मोबाइलवर मात्र मी कुणाला ऐकत नाही. शून्य पूर्णांक नऊ नऊ नऊ, आणि हे नऊ कधी संपतच नसतील, तर ती संख्या म्हणजे एकच, यावरून मी विज्ञानाच्या एका ग्रुपवर सिंहाचा फोटो लावलेल्या अनोळखी गृहस्थाशी अख्खा श्रावण भांडले. तो म्हणायचा, थोडं तरी कमी असणारच. मी म्हणायचे, किती कमी ते लिहून दाखवा. शेवटी त्याने मला आधी स्वयंपाक शिकायचा सल्ला दिला, तेव्हा मी जिंकले असं धरून चालले. खरं तर त्या वेळी गॅसवर माझी डाळ करपत होती.

युसूफ वडगावात मी घरीच पोरांच्या गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेते. पोरं शाळेतून सुटेपर्यंतची दुपार माझी एकटीची. वरचा पत्रा तापून अधूनमधून टक् असा वाजतो, रस्त्यावर एखादा टेम्पो जातो आणि मग बराच वेळ काहीच जात नाही. अशा वेळी चंद्र, प्रकाशाचा वेग, अनंत वगैरे गोष्टी फार जवळच्या वाटतात. शेजारचं घर त्याहून लांब वाटतं. मी भिंतीला टेकून बसते आणि अर्धवट झोपेत जगातल्या लोकांच्या चुका सुधारत राहते.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, धर्मापुरीजवळच्या वस्तीवर राहतात. मेंढरं राखतात. फार न बोलणारा माणूस. मेंढरांशी बोलतात, कुत्र्याशी बोलतात, माणसांशी कामापुरतं. लग्न होऊन मी इकडे आले तेव्हापासून आमचं फोनवरचं बोलणं आईमार्फत चालायचं. आबा शेजारीच बसलेले असायचे, पण विचारायची आई. "तुझे आबा इचारतेत, पाऊस हाय का तिकडं?" मी आईला सांगायचे, आई त्यांना सांगायची, आणि त्यांचं "हं" मला फोनमधून स्वच्छ ऐकू यायचं. आई गेली आणि आमच्यातला दुभाषाच गेला. मग मी फोन करायचे, जेवलात का विचारायचे, ते हो म्हणायचे. ते विचारायचे, पाऊस हाय का. मी नाही म्हणायचे. पुढे दोघंही श्वास घेत बसायचो आणि कुणीतरी एक जण "बरं, ठेवू?" म्हणायचा. आपला बाप अजून आहे आणि आपल्याला त्याच्याशी बोलता येत नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

आमच्या घरचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात मी, पुण्याला इंजिनिअर असलेला धाकटा भाऊ, दोन आत्या आणि आबा. आत्या रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवतात, त्यावर भाऊ हात जोडतो. आबांना टाइप करता येत नाही, म्हणून ते त्यात असून नसल्यासारखे होते. एका दुपारी त्यांनी कुठून तरी आलेला एक व्हिडिओ पुढे ढकलला. पृथ्वी फिरत असती तर हेलिकॉप्टर वर जाऊन नुसतं थांबलं असतं आणि खालची गावं आपोआप सरकत आली असती, असं एक जण त्यात छाती ठोकून सांगत होता. माझ्यातली मास्तरीण लगेच जागी झाली. मी लिहिलं, "आबा, असलं काही बघत जाऊ नका. साफ चूक आहे."

थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. म्हणजे रेकॉर्ड करून पाठवलेला. त्यांना ते बटण माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं.

"चूक कावून म्हणतीस? इचार कर की. फिरती ना पृथ्वी? मग एवढं डिझेल कशापायी जाळायचं? वर जायचं, गप थांबायचं, पुणं आलं की उतरायचं."

मी तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला. त्यामागे मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा होत्या, लांब कुणाची तरी विहिरीवरची मोटर होती, आणि मध्येच आबांनी कुत्र्याला "हाड" म्हटलं होतं. डोळे मिटून ऐकलं तर माझी खोली हळूहळू माळावर जायची. एवढी वाक्यं त्यांनी मला सलग कधीच ऐकवली नव्हती.

मग आमची जुंपली. मी म्हटलं, हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते, हेलिकॉप्टरही तिच्यासोबत जातं. त्यांनी विचारलं, "संगंच फिरती म्हणतीस, मग माझा पटका उडवतंय ते वारं कुठलं?" मी फळ्यावर आकृती काढून तिचा फोटो पाठवला. त्यांनी सांगितलं की देवळाच्या पायऱ्यांवरची सावली ते जन्मापासून बघतायत, सावली सरकते, पायरी हलत नाही. मला राग यायचा, हसूही यायचं. माझे विद्यार्थी असे प्रश्न विचारत नाहीत, ते फक्त परीक्षेला काय येणार ते विचारतात.

त्या दिवसांत दुपारच्या गुंगीत मी त्या हेलिकॉप्टरमध्येच असायचे. आवाज नसलेलं, पतंगासारखं तरंगणारं हेलिकॉप्टर. एकदा तशाच तंद्रीत मला दिशा सुचल्या आणि मी आबांना आवाज पाठवला. "तुमचंच खरं धरलं तरी ऐका. पृथ्वी फिरती मावळतीकडनं उगवतीकडं. माझं गाव तुमच्या मावळतीला. म्हणजे तुमी धर्मापुरीवर थांबलात तर माझं गाव लगीच तुमच्या खाली येईल. पण मी हितं थांबले तर आधी सोलापूरकडची गावं येतील, मग पुणं, मग समुद्र, अरबस्तान, आफ्रिका, सगळी दुनिया, आणि सगळ्यात शेवटी धर्मापुरी."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "लई लांबचा फेरा पडतोय की तुला. मग तू नगं थांबूस. मीच थांबतो."

पोरं आली तेव्हा फळ्यावर लिहिताना मला अक्षरं नीट दिसत नव्हती.

मग मी त्यांना बसचा प्रयोग सांगितला. पळत्या बसमध्ये नाणं वर उडवा, ते मागे पडत नाही, हातातच येतं. तुमची बस म्हणजे पृथ्वी, तुमचं नाणं म्हणजे हेलिकॉप्टर. आबा म्हणाले, बघतो. आणि बघितलं. त्याची हकिगत त्यांनी दुसऱ्या दिवशी मेंढरं बसवून निवांतपणे सांगितली.

"सिरसाळ्याच्या बाजाराला निघालतो. म्हणलं नाणं उडवावं तर लोक जुगारी म्हणतील. खिशात लिंबू व्हतं. तेच उडवलं. दोनदा बरुबर हातात आलं. तुझं खरं व्हतंय म्हणलं. तिसऱ्यांदा उडवलं आन् डायवरनं दाबला ब्रेक. लिंबू गेलं पुढं. पुढं, मागं न्हाई. पुढच्या शिटावर एक बाई व्हती, तिच्या मांडीवर पडलं. आता म्हातारा माणूस बसमधी बसून लिंबू उडवतोय, त्यात अमावास्या. बाई जी उठली, समदी बस उठवली तिनं. कोण म्हणतंय उतारा हाय, कोण म्हणतंय बाबाला खाली उतरवा. कंडक्टर म्हणला, हे काय हाय? म्हणलं पृथ्वी हाय. लेकीनं बघायला सांगितलंय."

इथे ते हसायला लागले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. खोकत खोकत, थांबत, परत आठवून हसत होते, आणि मागे मेंढरंही ओरडत होती. मी इकडे खोलीत एकटी, पदर तोंडाला लावून हसत होते आणि रडतही होते. दोन्हीतलं कोणतं जास्त होतं ते सांगता येणार नाही.

मी कळवलं, ब्रेक लागला म्हणून लिंबू पुढे गेलं, पृथ्वी कधी ब्रेक मारत नाही. त्यावर ते म्हणाले, "न्हाई कशी मारत? मग भूकंप कशाला म्हणत्यात?" मी खूश झाले. म्हणजे हे भांडण अजून खूप दिवस पुरेल, असं मनात आलं. पोरांना शिकवताना मी लवकर पटावं म्हणून जीव तोडते. इथे समोरच्याला पटायलाच नको होतं मला. आबांना पटलं की त्यांचा आवाज थांबणार, हे मला आतून कळून चुकलं होतं, म्हणून मी उत्तरंही जरा अर्धीमुर्धी द्यायला लागले होते.

आणि मध्येच माझा भाऊ टपकला. इतके दिवस कामात होता, सुट्टीच्या दिवशी त्याने सगळं एका दमात वाचलं-ऐकलं आणि एक सुंदर व्हिडिओ टाकला. निळी पृथ्वी, तिच्याभोवती हवेचा थर, त्यात ते हेलिकॉप्टर, बाण, वेग, मराठीत निवेदन. इतका स्वच्छ की मलासुद्धा त्यात खोट काढता येईना. खाली त्याने विचारलं होतं, "आबा, आता पटलं ना?"

आबांचा आवाज आला, छोटासा. "पटलं रे बाबा. तुमचंच बरुबर हाय."

आत्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबाची फुलं आली. दुपारी काही आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दुपारीही नाही. मी मोबाइल मांडीवर ठेवून पत्र्याचं टक् टक् ऐकत बसायचे. शेवटी फोन केला. जेवलात का? हो. मेंढरं? बरी हायत. पाऊस हाय का तिकडं? नाही. बरं, ठेवू?

मी भावाला फोन करून झापलं. तुला कुणी बोलावलं होतं मध्ये नाक खुपसायला? तो बिचारा गांगरला. "अगं ताई, चूक ती चूकच राहू द्यायची का? तूच तर लोकांशी भांडतेस यावरून." त्याचं बरोबर होतं, म्हणून मी आणखी चिडले आणि फोन ठेवला. तो काही वाईट वागला नव्हता. पण दुपार रिकामी झाली होती, आणि ते त्याला समजावून सांगायला मला शब्द सापडत नव्हते. हेलिकॉप्टरही आता मनात तरंगेना, कारण ते कुठेच पोचणार नाही हे सगळ्यांनी मान्य केलं होतं.

तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून चूक लिहिली. घरच्या ग्रुपवर, सगळ्यांसमोर. "मला वाटतं चंद्राला स्वतःचाच उजेड असतो. सूर्याचा वगैरे काही नाही." सिंहाच्या फोटोवाल्याने हे पाहिलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

भावाने लगेच विचारलं, तुझा मोबाइल कुणाच्या हातात आहे? धाकटी आत्या म्हणाली, मला आधीपासून तसंच वाटायचं. आबांचं काहीच आलं नाही. दुपार सरली, पोरं येऊन गेली, रात्रही गेली. हे भांडण त्यांना ओढून आणण्याइतकं मोठं नाही, असं मी समजून चालले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. आवाज पाठवलेला नव्हता, फोनच होता, आणि त्यांनी लावलेला. याआधी त्यांनी आपणहून मला फोन लावल्याचं मला आठवत नाही. जेवण नाही, पाऊस नाही, त्यांनी एकदम विचारलं.

"तू सातवीत असताना मला अंगणात बसवलं व्हतं. आईनं कंदील धरला व्हता आन् तू मोसंबं घेऊन माझ्याभवती फिरत व्हतीस. म्हणलीस, आबा, मोसंब्याला उजेड न्हाई, कंदिलाचा हाय. आठवतंय?"

"आठवतंय," मी म्हणाले. मला आठवत नव्हतं. ते सांगत असताना आठवायला लागलं, आईचा हात, कंदिलाचा वास, पुन्हा पुन्हा बदलणारी मोसंब्याची कोर.

"मला तवाच पटलं व्हतं. मग कावून चुकीचं लिव्हलंस?"

मला काहीतरी हुशारीचं सांगता आलं असतं. समोरासमोर नव्हतं, तरी आवाज रडवेला झालाच. "तुमी बोलायचं बंद केलंत म्हणून," मी म्हणाले.

पलीकडून नुसत्या घंटा ऐकू येत राहिल्या. एक मेंढरू चरत चरत फोनच्या अगदी जवळून गेलं असावं. मला वाटलं, आता ते "बरं, ठेवू?" म्हणतील. बाहेर पोरं आली होती आणि चपला काढत होती. मी त्यांना हाताने खूण केली, पुस्तक काढा, गप बसा.

आबा खाकरले.

"हे बघ बाई," ते म्हणाले, "ते हेलिकॉप्टरचं. मला अजून पटलेलं न्हाई. पोरगं नाराज व्हईल म्हणून हो म्हणलो. पण मी हितं वर थांबलो तर तुझं गाव खाली यायलाच पायजे. आता सांग, का येत न्हाई?"