वहिनींचं कुंकू आणि उचगावची बोट

“वहिनी, थांबा! आधी मला बघू द्या!” असं मी ओरडेपर्यंत कुंकू लागलं होतं.

तेही एखादं बोट टेकवून नव्हे. वाटीभर कुंकू पाण्यात कालवलेलं. बोटीच्या पुढच्या टोकाला पाच बोटं, मागे इंजिनाच्या दोन्ही अंगांना पाच-पाच बोटं, वर झेंडूचा हार. नवा पांढरा रंग दिलेली ती बोट बेंदराच्या बैलासारखी नटून उभी होती.

बोटीचा दलाल हा पांढऱ्या सफारीतला गोड माणूस. त्यानं लगेच हात जोडले. “झालं की! लक्ष्मीनं कुंकू लावलं. आता बोट तुमचीच.”

हे सगळं समुद्रावर चाललं नव्हतं. चाललं होतं कोल्हापूरजवळच्या उचगावात, हायवेलगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. एका बाजूला उसाच्या ट्रॉल्या, दुसऱ्या बाजूला वेल्डिंगवाला आणि मधोमध ट्रेलरवर चढवलेली केबिन क्रूझर. केबिन क्रूझर म्हणजे आत झोपण्याबसण्याची खोली असलेली बोट. दोन बाकं, टीचभर ओटा, हात धुवायला बेसिन. गोव्यातल्या कुणा हौशी माणसानं वापरून विकलेली. ती दलालानं घाट चढवून वर आणली होती.

मी सुरुवातीला कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला होतो. मग काही वर्षं गोव्यात बोटी बांधायच्या यार्डात काढली आणि परत येऊन जुन्या मशिनरीचा सर्व्हे करायला लागलो. दोन हजार सालाच्या आसपासची ही गोष्ट. तेव्हा अख्ख्या कोल्हापुरात बोटी तपासणारा माणूस मी एकटाच. याचं कारण कोल्हापुरात बोटीच नव्हत्या.

गिऱ्हाईक होते कोडोलीचे सर्जेराव. त्यांनी आपले दोन्ही ट्रक विकले होते आणि एका धरणाच्या पाण्याकाठी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. उरलेला सगळा पैसा बोटीत घालायचा, पाहुण्यांना पाण्यावर फिरवायचं, हा बेत. बोट चालली तर घर चालणार. बुडाली तर ट्रकही नाहीत आणि बोटही नाही.

आपल्याकडे म्हैस घ्यायची असो नाहीतर फ्रिज, एकटा माणूस जात नाही. सर्जेरावांबरोबर ट्रॅक्स जीप भरून माणसं आली होती. बायको शालन वहिनी, पैलवान मेहुणा बंडू, दोन चुलते आणि रस्त्यात हात केला म्हणून घेतलेले एक पावणं. उतरल्या उतरल्या सगळे बोटीभोवती फिरू लागले. एका चुलत्यांनी खाली वाकून इंजिनाचा पंखा बघितला आणि जाहीर केलं, “खूर चांगलं हायत.”

पावण्यांनी बोटीच्या पोटावर थाप मारली. “अंगानं भरल्याली हाय. घ्या डोळं झाकून.”

“डोळं झाकून घ्यायची तर मला कशाला आणलंय?” मी म्हणालो.

“तुमी बगा की, मुल्लासाहेब,” सर्जेराव म्हणाले. “पर लवकर बगा. लै आवडलीया.”

गिऱ्हाईकाला वस्तू आधीच आवडलेली असली की सर्व्हेअरचं काम म्हणजे ठरलेल्या लग्नात पत्रिका बघण्यासारखं असतं. तरी मी बाह्या सरसावल्या.

पहिलं काम, इंजिनावर हात ठेवणं. चालू करायच्या आधी. इंजिन कोमट लागलं. म्हणजे आम्ही यायच्या आधीच कुणीतरी ते चालवून गरम करून ठेवलं होतं. थंड इंजिन चालू होताना खोकतं, धूर टाकतं, आपली सगळी दुखणी सांगतं. गरम इंजिन शहाण्या पोरासारखं गप्प बसतं.

“सकाळी चालवलं होतं काय हो?” मी दलालाला विचारलं.

“छे! उन्हानं तापलंय.”

मी वर पत्र्याकडे बघितलं. शेडमध्ये ऊन कुठून आलं, ते सांगायची तसदी त्यानं घेतली नाही.

दुसरं काम ठोकण्याचं. बोट फायबरची होती. लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकत जायचं आणि ऐकायचं. निरोगी फायबर ठण्ण वाजतं. मी पुढून सुरुवात केली. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. कूसही ठण्ण. मग मागे आलो, इंजिनाजवळ. डब्ब.

बोटीच्या मागच्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. या बोटीचं इंजिन त्या भिंतीलाच बाहेरून टांगलेलं होतं. बोटीला पुढे ढकलायचा सगळा जोर तिथं येतो. बाहेरून, आतून फायबर असतं आणि मध्ये प्लायवूड. बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं की ते प्लायवूड चहात बुडवलेल्या खारीसारखं होतं. वरून रंग मारला की कुणाला कळत नाही. कळतं ते पाण्यात, इंजिन भिंतीसकट निघून खाली जातं तेव्हा.

“सर्जेराव, इथं लाकूड कुजलंय.”

“आवाजावनं?”

“आवाजावरनंच.”

“अवो, माझा आवाज बी सकाळी बसल्याला आस्तोय. म्हणून मी कुजलोय व्हय?”

सगळी ट्रॅक्स हसली. दलाल सगळ्यात मोठ्यानं हसला. कानाला कळलेलं डोळ्यांना दाखवल्याशिवाय चालणार नव्हतं. आणि प्रयोग करून दाखवायची मला लहानपणापासून हौस.

“बंडू पैलवान, इकडं या. पंख्याच्या वर ती आडवी पट्टी दिसते? तिच्यावर उभं राहा आणि जरा झोके घ्या.”

ट्रान्सम तपासायची ही जुनी पद्धत आहे. मात्र यार्डात त्यासाठी साधी माणसं वापरतात. बंडू रोज तालमीत जाणारा आणि तालमीइतकंच मनापासून जेवणारा गडी. तो इंजिनावर चढला. कर्र! इंजिन मागे झुकलं आणि त्याच्याबरोबर भिंतही हलली.

“आवो, मोडंल की!” दलाल ओरडला.

“मोडणार असली तर इथं मोडू दे. धरणात मोडण्यापेक्षा बरं.”

“बोट लवचिकच असती,” दलाल सर्जेरावांना समजावू लागला. “आंग चोरून घेती. त्यानंच टिकती.”

सर्जेराव मान डोलवत होते. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. माझं लक्ष कुंकवाकडे होतं. इंजिनाच्या दोन्ही अंगांना भिंतीवर खालपर्यंत ओघळलेलं ते अजून ओलं होतं आणि बंडूच्या प्रत्येक झोक्याबरोबर भिंत उघडमीट करत होती. मला माझी फाउंड्री आठवली. तिथं कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, बारीक चीर आहे का बघायला त्यावर लाल रंगाचा पातळ डाय लावायचे, थोडा वेळ थांबायचे आणि वरचा डाय काढून टाकायचे. चिरेत शिरलेला तेवढा मागे राहायचा.

मी खिशातून रुमाल काढला. “आता हे कुंकू जरा पुसतो.”

बंडू झोक्याच्या मध्येच थांबला.

“मुल्लासाहेब!” शालन वहिनी कडाडल्या. “कुंकू पुसत न्हाईत! शुभ बोलावं मानसानं.”

माझा रुमाल जागच्या जागी खिशात गेला. “चुकलो, वहिनी. मग काढायचं झालं तर?”

“काढायचं कशाला पर?”

“दोन मिनिटांसाठी. परत लावा हवं तर.”

वहिनींनी विचार केला. “पाणी घालून धुतल्यालं चालतंय. देवाला न्हाई का आपण आंघूळ घालत?”

“मग तुम्हीच घाला.”

वेल्डिंगवाल्याकडून बादली आणि तांब्या आला. दलाल पुढे सरसावला. “कशाला ताई, पांढऱ्या रंगावर डाग पडत्याल...” पण वहिनींनी पदर खोचला होता. पहिला तांब्या, दुसरा तांब्या. गुळगुळीत नव्या रंगावरून कुंकू लाल ओहळ होऊन वाहून गेलं. भिंत पुन्हा पांढरी झाली.

सगळी मात्र नाही. इंजिनाच्या बोल्टपासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक बारीक लाल रेघ राहिली. तिला दोन फाटे होते, नकाशातल्या नदीला असतात तसे. दुसऱ्या अंगालाही तशीच रेघ. वहिनींनी तिसरा तांब्या ओतला. रेघ हलली नाही.

“ही काय हाय वो?” सर्जेराव जवळ आले.

“चीर. रंगाखाली झाकली होती. बंडूनं उघडली आणि वहिनींच्या कुंकवानं भरली. पाणी पण असंच आत जातं. बंडू, आणखी एक झोका.”

बंडूनं झोका घेतला. लाल रेघेच्या खालच्या टोकातून तपकिरी पाण्याचा ओघळ आला. कुजलेल्या लाकडाचा वास सुटला. पंखा बघणाऱ्या चुलत्यांनी नाकाला धोतर लावलं. “जनावर आतनं नासल्यालं हाय.”

सर्जेरावांनी त्या रेघेवर नख घासून बघितलं. मग हळूच म्हणाले, “पर आता कुंकू लागलंय. लावून सोडायचं म्हंजे...”

दलालाला तेवढंच हवं होतं. “तेच म्हणतो मी, पाटील. देवाधर्माचं काम हाय.”

ट्रान्समचं मला कळतं. कुंकवाचं नाही.

शालन वहिनींनी तांब्या बादलीत टाकला. “अवो, देवीनं बोट ठेवून दावलं, हितं चीर हाय म्हणून. आनी तुमी तिथंच पैसं घालाय निघालाय? चला, ट्रॅक्समदी बसा!”

सर्जेराव बसले. पावणं बसले. दलालाचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातलं हसू गेलं. बंडू तेवढा मागे रेंगाळला. त्याला अजून एक झोका हवा होता.

पुढे सर्जेरावांनी मालवणकडून एक साधी, उघडी बोट घेतली. खोली नाही, बेसिन नाही. ती तपासायलाही मीच गेलो होतो. मागून पुढून ठण्ण वाजली. आज तिच्या जोडीला आणखी दोन आहेत आणि वहिनी तिन्हींना दर दसऱ्याला कुंकू लावतात.

उचगावची क्रूझर हायवेवरच्या एका धाब्यानं विकत घेतली. सिमेंटच्या ओट्यावर चढवली आहे, आत बसून लोक तांबडा-पांढरा ओरपतात. मीही जाऊन जेवलो. टेबल मागच्या भिंतीपासून लांब मागून घेतलं.

जुनी बोट घेणाऱ्यांना मी एकच सांगतो. पूजा खरेदीनंतर करा. आधी केलीच असेल, तर बादलीभर पाणी आणि एक वजनदार मेहुणा बरोबर आणा.