भूल देणाऱ्याचे दात

बोथहून भूल देणारे डॉक्टर येईपर्यंत आदिलाबादेत बाबांचं ऑपरेशन अडलं होतं. असे डॉक्टर मोजकेच. एकालाच चार दवाखाने बोलावतात. आल्याआल्या त्यांनी बाबांचा जबडा चाचपला.

"बाबा, कवळी काढा. बेहोशीत घशात गेली तर श्वास अडकते."

बाबांनी सुनेकडे, माझ्या बायकोकडे, पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. घरात कुणासमोरही ते कधी कवळी काढत नसत.

डॉक्टरांनी आपलेच पुढचे दोन खोटे दात काढून तळहातावर ठेवले.

"डॉक्टर असून दात नाई?" बाबा बोलून गेले.

"लोकाईचा श्वास सांभाळता सांभाळता दात सांभाळाचे राह्यले, बाबा."

बाबा खुदकन हसले आणि त्यांनी कवळी काढली.

ते शुद्धीवर आले, वर्षभर जगलेही. आता ते नाहीत. त्यांचं बोळकं हसू आम्ही त्या एकाच दिवशी पाहिलं.